माणशी अर्धा एकर

१२ मे १८७५ हा सुप्याच्या बाजाराचा दिवस होता. आसपासच्या गावांतून आलेले शेतकरी त्या दिवशी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. काही दुकाने लुटली गेली, काही जाळली गेली. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी हे लोण पसरले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे. या दंग्यांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जमाव सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तराच्या मागे होता. कर्जरोखे, गहाणखते, हुकूमनामे बाहेर काढायचे आणि चावडीसमोर पेटवून द्यायचे. कागद हाती आला की बहुतेक ठिकाणी जमाव शांतपणे पांगला.

मी कवितेचा माणूस. अर्थशास्त्र बी. ए.ला एक विषय म्हणून होते, तेवढीच माझी त्या शास्त्राशी ओळख. पण कागदावरचे शब्द माणसाला काय करू शकतात, हे कवीला थोडेफार कळते. आमच्या घरात व्याज हा शब्द निषिद्धच होता. तरी आजोबांच्या शेतावर सावकाराचा बोजा होताच. धर्म एक सांगे आणि पेरणीची घाई दुसरेच करायला लावी. त्यामुळे हे कागद जाळणारे शेतकरी मला कधी परके वाटले नाहीत.

ते या टोकाला का आले? पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी रयतवारी आणली. जमीन एकेका शेतकऱ्याच्या नावावर झाली. नावावर झाली म्हणजे ती गहाणही पडू लागली. दिवाणी न्यायालये आली. समन्स मिळूनही भीतीपोटी न जाणाऱ्या शेतकऱ्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामे होऊ लागले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकाराने हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मात्र तसेच उरले. त्यातच १८६७ पासून इंदापूर आणि आसपासच्या तालुक्यांत शेतसाऱ्याची फेरआकारणी झाली आणि सारा भरमसाट वाढला. पाऊस पडो न पडो, सारा आणि व्याज यांची तारीख चुकत नव्हती. सगळा धोका शेतकऱ्याच्या शिरावर आणि सगळी हमी देणाऱ्याच्या हातात, असा तो पैसा होता.

हल्ली ‘सामाजिक उद्योग’ आणि ‘परिणामलक्ष्यी गुंतवणूक’ असे शब्द कानावर पडतात. नफा हवा, पण त्याबरोबर जमीन, पाणी आणि माणसेही टिकावीत, म्हणून घातलेला पैसा असा त्यांचा अर्थ. यातला दुसरा शब्द, ज्याला इंग्रजीत ‘इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग’ म्हणतात, २००७ साली रॉकफेलर फाउंडेशनने इटलीत बेलाजिओ इथे भरवलेल्या बैठकीतून प्रचारात आला. शब्द नवा असला तरी त्यामागचा प्रश्न जुना आहे. शेतीत पैसा घालायचा तर कोणत्या अटीवर? या प्रश्नाची किमान दोन उत्तरे पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर या एकाच तालुक्याने पाहिली. पहिले कागदावरच राहिले, दुसरे मातीत उतरले.

पहिले उत्तर न्यायमूर्ती रानडे आणि सर विल्यम वेडरबर्न यांचे. दंग्यांनंतर सरकारने आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. न्यायालयांनी कर्जाच्या मुळाशी जावे, नुसत्या कागदावर भिस्त ठेवू नये, अशी त्यात सोय होती. पण सावकाराला वेसण घातली तरी पेरणीला पैसा लागणारच. तो कुठून यायचा? १८८२च्या सुमारास वेडरबर्न यांनी रानड्यांच्या साथीने शेती बँकेची योजना मांडली. प्रयोगासाठी तालुका ठरला पुरंदर. जुन्या कर्जांची तडजोड करायची, सरकारने ती फेडायची, आणि मग बँकेने माफक व्याजाने शेतकऱ्याला पैसा द्यायचा, अशी ती आखणी. हिंदुस्थान सरकार अनुकूल होते, पण लंडनहून नकार आला. १८८३ आणि १८८४ मध्ये तगाई कर्जाचे कायदे झाले, एवढ्यावरच भागवले गेले. बँक पुरंदरात उघडलीच नाही.

मग १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९११ मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांनी मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक उभी केली. आजची राज्य सहकारी बँक ती हीच. शहरातल्या ठेवीदाराचा पैसा पतसंस्थेमार्फत खेड्यात जाऊ लागला. या वाटेवरचा सर्वांत मोठा मुक्काम म्हणजे प्रवरा. नगर जिल्ह्यात (हा जिल्हा आता अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो) लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले. धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ पहिला अध्यक्ष झाला, वैकुंठभाई मेहतांचा पाठिंबा मिळाला, आणि १९५०च्या अखेरीस महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. ज्याला सावकाराच्या ओट्यावर बसायची चोरी होती, तो शेतकरी कारखान्याचा भागधारक झाला. ही लहान गोष्ट नव्हे. शाळा, दवाखाने, महाविद्यालये या पैशातून उभी राहिली.

पण या वाट्याचे माप ऊस होते. ज्याच्याकडे जमीन आणि कालव्याचे पाणी त्याच्याकडे ऊस, आणि ज्याच्याकडे ऊस त्यालाच भाग. कोरडवाहूवाला बाहेर राहिला, भूमिहीन तर त्याहून बाहेर. शिवाय ऊस पाणी पितो. राज्याच्या लागवडीखालच्या क्षेत्रापैकी ४ टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो, याकडे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानेच बोट दाखवले आहे. सावकारी पैशाने जमीन गिळली होती. सहकारी पैशाने शेतकऱ्याला मान दिला, पण पाण्याचा हिशेब ठेवला नाही.

पाण्याचा हिशेब मांडणारा माणूस अभियंता निघाला, हे योग्यच झाले. विलासराव साळुंखे पुण्याचे उद्योजक. अचूक मोजमापाची उपकरणे बनवण्याचा त्यांचा कारखाना होता. १९७२च्या दुष्काळात ते पुरंदर तालुक्यात हिंडले. पूर्व पुरंदर म्हणजे पर्जन्यछायेचा प्रदेश. दुष्काळी कामावर हजारो माणसे खडी फोडत होती. खडीने रोजगार मिळत होता, पण पुढच्या दुष्काळात त्याच माणसांना पुन्हा खडीच फोडावी लागणार होती. साळुंख्यांनी नायगावला देवस्थानाची सुमारे ४० एकर उजाड जमीन १९७४ मध्ये दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली. पत्नीसह तिथे मुक्काम ठोकला. उतारावर समतल बांध घातले, खाली पाझर तलाव केला, तलावाखाली विहीर खोदली आणि विहिरीचे पाणी उचलून वर शेतात नेले. पडणारा पाऊस अडवला तर या माळावरही माणूस जगू शकतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. यातूनच ग्राम गौरव प्रतिष्ठान आणि पुढे पाणी पंचायत उभी राहिली.

पाणी अडवणारे पुष्कळ झाले. साळुंख्यांचे वेगळेपण पाणी वाटण्याच्या नियमांत आहे. योजना एकट्यादुकट्याची नाही, गटाची. पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तर हक्क खरेदीदाराकडे जात नाही, गटाकडे परत येतो. भूमिहीनालाही वाटा. ऊस आणि तत्सम बारमाही पिके घ्यायची नाहीत. आणि पाणी सोडायला गटानेच नेमलेला पाटकरी.

हे हिशेबात कसे दिसते पाहा. एका घरी २० एकर जमीन आणि पाच माणसे. दुसऱ्या घरी ३ एकर आणि पाच माणसे. दोघांनाही पाणी अडीच एकरांचेच. तिसऱ्या घरी जमीन नाही, माणसे चार. त्यांना दोन एकरांचे पाणी. ते त्या बळावर कुणाची तरी जमीन वाट्याने करू शकतात. शेकडो वर्षे ज्या घराला गावाच्या हिशेबात मजूर एवढीच जागा होती, ते घर आता पाण्याचा वाटेकरी म्हणून बोलणी करायला बसते.

पैशाची अटही अशीच विचारपूर्वक घातलेली होती. समजा योजना १ लाख रुपयांची आहे. त्यातले २० हजार लाभार्थ्यांनी आधी भरायचे. ५० हजार शासनाचे अनुदान. उरलेले ३० हजार प्रतिष्ठानने बिनव्याजी द्यायचे आणि पीक हाती आल्यावर ते फेडायचे. पाचातला एक रुपया स्वतःचा घातलेला असल्याने कुणी योजनेला सरकारी म्हणून हात झटकत नाही. आणि दहातले बिनव्याजी तीन रुपये थांबायला तयार असतात. १८७५च्या रोख्याला थांबणे ठाऊक नव्हते. शंभर वर्षांनी, त्या सुप्याच्या शेजारच्याच तालुक्यात, थांबणारा पैसा आला. रानड्यांनी ज्या पुरंदरासाठी बँक मागितली होती तिथेच तो आला, याचे मला फार अप्रूप वाटते.

या गोष्टीचा शेवट गोड करून सांगण्याचा मोह होतो, पण तो टाळायला हवा. सगळ्या योजना टिकल्या नाहीत. पाणी उचलायचे म्हणजे वीज, आणि विजेची बिले थकली की पंप बंद. शासनाच्या अनुदानाचा ओघही आटला. गटाने शिस्त पाळली तरी शेजारी कुणी स्वतःच्या पैशाने खोल बोअर घेतली, तर त्याला गटाचा नियम लागू नव्हता. विलासराव २००२ मध्ये गेले. त्याच वर्षी ओडिशाने पाणी पंचायत याच नावाचा कायदा केला. पण तिथल्या पाणी पंचायती लाभक्षेत्रातल्या जमीनधारकांच्या. नाव पुरंदरातून दूरवर गेले, माणशी मोजण्याचे तत्त्व मात्र मागेच राहिले. महाराष्ट्रात २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा असे दोन कायदे झाले, त्यांनीही भूमिहीनाला पाण्याचा वाटा दिला नाही.

आणि आता नवा पैसा आला आहे. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही त्यातली नावाजलेली कंपनी. विलास शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्राक्षे, टोमॅटो आणि इतर फळभाज्यांची विक्री, प्रक्रिया आणि निर्यात शेतकऱ्यांच्या हातात ठेवून ती वाढवली. सप्टेंबर २०२२ मध्ये इन्कोफिन, कोरिस, एफएमओ आणि प्रोपार्को या युरोपीय गुंतवणूकदारांनी तिच्या प्रक्रिया करणाऱ्या उपकंपनीत ३१० कोटी रुपये घातले. मूळ कंपनी मात्र उत्पादक शेतकऱ्यांचीच. बाहेरचा पैसा घ्यायचा, पण तो घराच्या उंबऱ्यापर्यंतच येऊ द्यायचा, ही रचना मला शहाणपणाची वाटते. सुप्याच्या शेतकऱ्याच्या नातवंडा-पतवंडांशी परदेशचा पैसेवाला बरोबरीने करार करतो, हे पाहून बरे वाटते.

बरे वाटले तरी जुना प्रश्न सुटत नाही. अशा कंपन्यांत वाटा कशावर मोजायचा? किलोवर आणि एकरावर की माणसावर? बागेत छाटणी करणाऱ्या, पॅकहाउसमध्ये द्राक्षे निवडणाऱ्या बाईला मजुरी मिळते. ती चांगलीही असेल. पण मजुरी आणि वाटा यांत फरक आहे. मजुरीचे मोल दुसरा ठरवतो, वाट्याला स्वतःचे मत असते. आणि भूगर्भातल्या पाण्याची किंमत कोणत्या खात्यात धरायची?

टिकाऊ शेतीत घातलेल्या पैशाचे परिणाम मोजण्याच्या नाना पद्धती आज निघाल्या आहेत. किती शेतकरी जोडले, उत्पन्न किती वाढले, किती लिटर पाणी वाचले, सगळ्यांचे तक्ते होतात. ते जरूर व्हावेत. त्या तक्त्यांत माझ्या मते आणखी दोन रकाने हवेत. पाऊस दगा देईल त्या वर्षी हा पैसा थांबेल का, आणि ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचा यात वाटा किती? पहिला रकाना रिकामा राहिला तेव्हा १८७५ साली चावडीसमोर कागद पेटले. दुसरा रकाना रिकामा राहिला की काही पेटत नाही, माणसे मुकाट्याने गाव सोडून जातात, म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही. पुरंदरच्या माळावर काही गावांनी काही वर्षे तो भरून दाखवला होता. माणशी अर्धा एकर, इतक्या साध्या शब्दांत.