पारगम्यता-मापन, बहुवारिकी पटलांचे
रबर वा प्लॅस्टिकच्या अखंड पटलातून द्रव व बाष्प किती वेगाने पलीकडे जातात, ते मोजण्याची रीत. पटलाला छिद्र नसले, तरी रेणू त्यात विरघळतात व विसरणाने सरकत पलीकडे निघतात, हे टॉमस ग्रॅहम यांनी १८६६ मध्ये मांडले. पाणी भरलेल्या वाटीच्या तोंडावर पटल घट्ट बसवून, स्थिर तापमान व आर्द्रता राखून ती ठरावीक वेळाने तोलतात. सुरुवातीची वजने सोडून द्यावीत; एकसमान झालेल्या घटीचा वेगच खरा. त्याला जाडीने गुणून क्षेत्रफळाने व बाष्पदाबांतील फरकाने भागले, की पारगम्यता मिळते.

औंढा नागनाथजवळील नियोजित लायगो-इंडिया या गुरुत्वीय तरंग वेधशाळेच्या ४ किमी. लांबीच्या निर्वात भुजांसारख्या यंत्रणेत ही राशी कळीची. अमेरिकेतील लायगोच्या कक्षांना रबरी कडी दुहेरी असून मधली पोकळी पंपाने उपसतात. कारण एकेरी कड्यातून हवेतली वाफ आत झिरपते.