स्टीव्ह नावाची बाई

प्रोग्रॅमिंग का शिकलात, असं विचारलं की लोक साधारण दोनपैकी एक उत्तर देतात. एक तर 'लहानपणापासून कॉम्प्युटरचं वेड होतं', नाहीतर 'त्यात नोकऱ्या होत्या'. माझं उत्तर दुसरं. वाय-टू-केच्या लाटेत जो तो कोबोल येणारी माणसं शोधत होता, म्हणून मी कोबोल शिकले. वेडबिड काही नव्हतं. पण हे सांगताना उगाचच जरा ओशाळल्यासारखं व्हायचं. खरा प्रोग्रॅमर म्हणजे आतून ओढ असलेला, आपण आपले पोटार्थी!

ते ओशाळणं गेलं ते स्टेफनी शर्ली या बाईंची गोष्ट कळल्यावर. ऑगस्ट २०२५ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी त्या गेल्या. आपल्याकडे फारसं कुणी त्यांच्याबद्दल लिहिलेलं पाहिलं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

जन्म १९३३चा, जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा. वडील ज्यू, न्यायाधीश. १९३९ साली, महायुद्धाला तोंड लागायच्या थोडंच आधी, आईवडिलांनी दोन्ही मुलींना व्हिएन्नाहून आगगाडीत बसवून इंग्लंडला धाडलं. ही धाकटी पाच वर्षांची, थोरली नऊ. ज्यू मुलांना नाझींच्या तावडीतून बाहेर काढणाऱ्या त्या गाड्यांनी सुमारे दहा हजार मुलं वाचवली. आपला जीव वाचला आहे तर तो वाचवण्याजोगा होता हे दाखवून द्यायचं, असं बाई पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या. माझ्या मते त्यांच्या सगळ्या धडपडीचं मूळ इथे आहे.

गणित आवडायचं, पण त्यांच्या मुलींच्या शाळेत ते हवं तितकं शिकवतच नसत. मग त्या तासाला मुलांच्या शाळेत जायचं. अठराव्या वर्षी डॉलिस हिलच्या पोस्ट ऑफिस संशोधन केंद्रात नोकरी धरली. युद्धात जर्मन संदेश फोडणारं कलोसस यंत्र बांधलं गेलं ते इथेच. दिवसा नोकरी, रात्री कॉलेज, असं करत सहा वर्षांत गणिताची पदवी घेतली.

त्या काळाचं एक चित्र डोळ्यांसमोर आणा. ब्रिटिश सरकारी कचेऱ्यांत हिशेबाची यंत्रं आणि पहिले कॉम्प्युटर चालवायला बहुतांशी बायकाच होत्या. १९५५ मध्ये सरकारी नोकरीत समान वेतन मान्य झालं, पण यंत्रावर काम करणाऱ्यांच्या श्रेणी त्यातून वगळल्या. का? तर तिथे तुलनेला पुरुषच नाहीत, मग समान कुणाशी करायचं! म्हणजे बायका या क्षेत्रात होत्याच. फक्त त्यांना वर जायला जिना नव्हता.

बाईंनाही तो मिळेना. मग १९६२ मध्ये, सहा पौंड भांडवलावर, घरच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी स्वतःची कंपनी काढली. नाव फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स. लोक यंत्र विकत घेत आणि प्रोग्रॅम सोबत फुकट येतात असं समजत, त्या काळात ह्या नुसते प्रोग्रॅम विकायला निघाल्या. कामं मागणाऱ्या पत्रांना उत्तरं येईनात. नवऱ्याने सुचवलं, सहीत स्टेफनीऐवजी स्टीव्ह लिहून बघ. उत्तरं यायला लागली. समोर गेल्यावर स्टीव्ह ही बाई निघायची, पण तोवर आत शिरलेल्या असायच्या :-)

कामाला घेतल्या त्या लग्न किंवा मूल झाल्यावर नोकरी सोडलेल्या प्रोग्रॅमर बायका. हे जमलं कसं, तर तेव्हा प्रोग्रॅम लिहायला कॉम्प्युटर लागतच नसे. छापील तक्त्यांवर पेन्सिलीने ओळी लिहायच्या, कागदावरच तपासायच्या, पोस्टाने पाठवायच्या. मग कुणीतरी कार्डांवर भोकं पाडणार आणि कुठल्या तरी यंत्रावर ते चालणार. बाईकडे हुशारी हवी आणि घरात फोन हवा. फोनवर ग्राहकाला मागून पोरांचं रडणं ऐकू जाऊ नये, म्हणून शर्लीबाई टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावून ठेवत. पहिल्या तीनशे जणांत पुरुष होते अवघे तीन. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग अशाच तीसेक बायकांनी घरी बसून केलं.

गंमत पुढेच आहे. १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये नोकरीत स्त्री-पुरुष भेद करायला बंदी करणारा कायदा आला, आणि फक्त बायकांना घेणारी ही कंपनी बेकायदा ठरली! मग पुरुषही घेतले. धोरणातले 'मुलंबाळं असलेल्या बायका' हे शब्द जाऊन, ज्यांच्यावर घरात कुणी अवलंबून आहे अशी माणसं, असा अर्थ आला. मला हा बदल फार मोठा वाटतो. अडचण बाईपणाची नव्हतीच, घरच्या जबाबदारीची होती, हे कायद्याने नकळत उघड केलं.

त्यांच्या स्वतःच्या घरीही सोपं नव्हतं. १९६३ मध्ये झालेला एकुलता एक मुलगा, जाइल्स, तीव्र ऑटिझम असलेला. १९९८ मध्ये तो गेला. कंपनी पुढे झॅन्सा नावाने मोठी झाली, तिची कार्यालयं नोएडात आणि आपल्या पुण्यातही होती. २००७ मध्ये ती स्टेरिया या फ्रेंच कंपनीने घेतली. बाईंनी शेअर नोकरवर्गाला वाटल्यामुळे सत्तर जण लक्षाधीश झाले. स्वतःच्या वाट्याचा बराचसा पैसा त्यांनी ऑटिझमच्या कामाला दिला.

मुली, गावाकडची मुलं, उशिरा सुरुवात करणारे या क्षेत्रात कमी का, याची चर्चा हल्ली बरीच होते. बहुतेक उपाय 'त्यांच्यात आवड निर्माण करा' या धर्तीचे असतात. आवड वाईट नाही. पण त्या तीनशे जणींमध्ये आवड आणि अक्कल आधीपासून होती, आणि तरी त्या घरी बसल्या होत्या. त्यांच्यात काहीच बदलावं लागलं नाही. बदलली ती कामाची जागा आणि वेळ.

असो. आपल्या ओळखीत गणितात हुशार आणि आता 'घरीच असते' अशी एखादी मामी, काकू, वहिनी असेलच. तिला कशाची आवड आहे हे विचारण्याआधी तिच्याकडे दिवसाचे किती तास मोकळे असतात, हे विचारून बघा.