क्रूस खेकडा

कॅरिब्डिस फेरिॲटा या शास्त्रीय नावाचा, रंगाने उठून दिसणारा सागरी खाद्य खेकडा. गण दशपाद, कुल पोर्ट्युनिडी. लिनीअसने १७५८ मध्ये त्याचे वर्णन केले. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून जपान, ऑस्ट्रेलियापर्यंत तो आढळतो. महाराष्ट्र आणि गोव्याच्या समुद्रातही आहे.

पिवळसर पाठीवर तांबूस-तपकिरी पट्टे आणि मधोमध फिकट क्रूस, ही त्याची ओळख. नांग्यांवर पांढरे ठिपके, पायांवर आडवे पट्टे. पाठीच्या दोन्ही पुढच्या कडांना सहा-सहा दात असतात. पायांची शेवटची जोडी वल्ह्यासारखी चपटी असल्याने तो उत्तम पोहतो. पाठीवरच्या या क्रूसाभोवती एक आख्यायिका आहे. १५४६ मध्ये मोलुक्का बेटांजवळ वादळात ख्रिस्ती धर्मप्रसारक संत फ्रान्सिस झेवियरचा क्रूस समुद्रात पडला आणि खेकड्याने तो किनाऱ्यावर आणून दिला, असे भाविक सांगतात. या प्रसंगाची साक्ष झेवियरच्या मृत्यूनंतर (१५५२) अनेक वर्षांनी नोंदली गेली. झेवियरचे अवशेष जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बासिलिकेत आहेत.

प्रौढ खेकडा वाळूच्या, चिखलाच्या किंवा खडकाळ तळाशी राहतो. पण त्याचे सगळे आयुष्य तळाशी जात नाही. मादी लाखो अंडी पोटाखाली सांभाळते. अंड्यांतून निघालेले सूक्ष्म डिंभक पाण्यात तरंगत वाढतात, कात टाकत रूप बदलतात आणि मग तळ गाठतात. कोवळी पिल्ले कधी कधी जेलीफिशच्या छत्रीखाली आढळली आहेत. गोड्या पाण्यातल्या, उदाहरणार्थ महाराष्ट्रातल्या जामनेरकडच्या कांग, वाघूर नद्यांच्या काठी बिळांत राहणाऱ्या खेकड्यांची रीत निराळी: त्यांच्या अंड्यांतून थेट इवले खेकडेच बाहेर येतात आणि काही काळ आईच्या पोटाशी राहतात. म्हणूनच ते समुद्राविना नदीत पिढ्यान्‌पिढ्या टिकले. क्रूस खेकड्याच्या वंशाला मात्र खारे पाणी सुटत नाही.

मुंबईच्या बाजारात तो ट्रॉलरच्या जाळ्यांतून येतो, तीन ठिपक्यांच्या आणि निळ्या खेकड्यांसोबत. मांस भरपूर आणि चवदार असल्याने मागणी चांगली असते. अंडी धरलेली मादी पकडली गेली की पुढचे लाखो डिंभकही तिच्याबरोबर जातात. खेकडा पाण्याबाहेर काही वेळ तग धरतो. त्यामुळे डेकवर निवड लवकर झाली, तर अशा माद्या जिवंत परत सोडता येतात आणि त्या सोडायलाच हव्यात.