घातक मेलानोमा
घातक मेलानोमा हा त्वचेतील रंगपेशींपासून उद्भवणारा कर्करोग आहे. मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या या पेशी बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरात असतात. डोळ्यांत व श्लेष्मल त्वचेतही त्या आढळत असल्याने क्वचित तेथेही हा रोग होतो. त्वचेच्या इतर कर्करोगांपेक्षा त्याचे प्रमाण कमी असले, तरी शरीरात पसरण्याची प्रवृत्ती फार अधिक असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२० साली जगभरात सुमारे ३,२५,००० नव्या रुग्णांची भर पडली आणि सुमारे ५७,००० रुग्ण मृत्यू पावले. प्रारंभीच्या अवस्थेत हा रोग शस्त्रक्रियेने बहुधा पूर्ण बरा होतो.

जोखीम घटक
सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हे या रोगाचे प्रमुख बाह्य कारण आहे. विशेषतः बालपणी त्वचा वारंवार होरपळलेली असल्यास धोका वाढतो. गोरी त्वचा, तांबूस केस, अंगावर पुष्कळ तीळ असणे, जवळच्या नातेवाइकास हा रोग झालेला असणे आणि प्रतिकारशक्ती क्षीण होणे हे इतर घटक होत. गौरवर्णीय लोकसंख्या व प्रखर ऊन यांमुळे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे या रोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. त्वचा रापवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम अतिनील दिव्यांचा समावेश २००९ साली निश्चित कर्ककारकांच्या गटात करण्यात आला.

सावळ्या व काळ्या त्वचेतील मेलानोमा
मेलॅनिन विपुल असल्याने भारतीय, आफ्रिकी आदी लोकांत हा रोग विरळा आढळतो. मात्र तो होतच नाही, हा समज चुकीचा आहे. या लोकांत तो प्रामुख्याने तळपाय, तळहात आणि नखाखाली उद्भवतो. या प्रकाराचा उन्हाशी संबंध अल्प असतो. तळपायावरील डाग भोवरी, जखम किंवा मुका मार समजून दुर्लक्षिला जातो आणि निदानास विलंब होतो. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली याच प्रकारचा मेलानोमा आढळला होता. पुढे तो शरीरात पसरून ११ मे १९८१ रोजी वयाच्या ३६व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

लक्षणे व निदान
नवा तीळ उगवणे किंवा जुना तीळ बदलणे हे मुख्य लक्षण होय. तिळाचे दोन अर्धे परस्परांशी न जुळणे, कडा वेड्यावाकड्या असणे, एकाच तिळात अनेक रंगछटा दिसणे, व्यास ६ मिलिमीटरपेक्षा अधिक असणे आणि आकार वा रंग बदलत राहणे या पाच खुणा संशयास्पद मानतात. नखावर वाढत जाणारी काळी उभी रेघ, न भरणारी जखम किंवा रक्तस्राव यांकडेही लक्ष द्यावे लागते. काही मेलानोमा गुलाबी किंवा रंगहीन असतात. संशयित भाग काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच निदान निश्चित होते. असा तीळ चुना वा आम्ल लावून जाळल्यास निदानाचा पुरावा नष्ट होतो आणि रोग मात्र आत वाढत राहू शकतो.

प्रसार
बहुतेक मेलानोमा प्रथम त्वचेत आडवे पसरतात आणि नंतर खोलवर वाढू लागतात. खोल गेलेल्या पेशी लसीकावाहिन्यांतून जवळच्या लसीका ग्रंथींत, तर रक्तावाटे फुप्फुसे, यकृत, मेंदू व हाडे येथे पोहोचतात. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली दाखवून दिले की, अर्बुदाच्या जाडीवरून रोगाच्या भवितव्याचा अंदाज बांधता येतो. १ मिलिमीटरपेक्षा कमी जाडीच्या अर्बुदात धोका अल्प, तर ४ मिलिमीटरच्या पुढे तो मोठा असतो.

उपचार
अर्बुद भोवतालच्या निरोगी त्वचेसह काढून टाकणे हा मुख्य उपचार आहे. जाडीनुसार साधारणपणे १ ते २ सेंटिमीटर निरोगी त्वचा सोबत काढतात. आवश्यकतेनुसार नजीकची लसीका ग्रंथीही तपासली जाते.

रोग दूरवर पसरल्यास पूर्वी फारसा उपाय नव्हता. २०११पासून हे चित्र बदलले. सुमारे निम्म्या रुग्णांच्या अर्बुदात बीआरएएफ या जनुकाचे उत्परिवर्तन असते आणि त्याला लक्ष्य करणाऱ्या गोळ्या आता उपलब्ध आहेत. इपिलिमुमॅब, निव्होलुमॅब व पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधे शरीराच्या प्रतिकारशक्तीवरील अटकाव दूर करतात. या उपचारपद्धतीचा पाया घालणाऱ्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र या औषधांमुळे आतडी, यकृत, अवटू ग्रंथी इत्यादींचा दाह होऊ शकतो. तळपाय व नखांच्या मेलानोमात बीआरएएफ उत्परिवर्तन कमी आढळते आणि ही औषधेही तुलनेने कमी परिणामकारक ठरतात. त्यामुळे या प्रकारात लवकर निदानाचे महत्त्व अधिक आहे.

प्रतिबंध
दुपारचे प्रखर ऊन टाळणे, अंगभर कपडे व टोपी वापरणे आणि त्वचा रापवणाऱ्या दिव्यांपासून दूर राहणे हे उपाय गोऱ्या त्वचेच्या व्यक्तींसाठी विशेष उपयुक्त आहेत. गडद त्वचेच्या व्यक्तींनी तळपाय, तळहात, बोटांच्या बेचक्या आणि नखे अधूनमधून पाहणे आणि बदलणारा डाग त्वचारोगतज्ज्ञास दाखवणे इष्ट असते. उपचारांनंतर अनेक वर्षांनीही रोग उलटू शकत असल्याने नियमित तपासणी आवश्यक ठरते.