सुपरवायझरने की सुपरवायझरला?

१९७२ च्या दुष्काळात आमचे चाचा उस्मानाबाद जिल्ह्यातले गाव सोडून भोसरीला आले. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. एका कारखान्यात मशीनवर लागले. काही वर्षांनी त्यांच्या मशीनचा पट्टा तुटला आणि शेजारी उभा असलेला कामगार जखमी झाला. पट्टा सैल झाल्याचे चाचांनी आदल्या दिवशीच सुपरवायझरला बजावून सांगितले होते. चौकशी झाली. इंग्रजीत टाइप केलेला कागद सहीसाठी समोर आला. त्यात एक वाक्य होते : 'द सुपरवायझर वॉर्न्ड द ऑपरेटर.'

सुपरवायझर, वॉर्निंग, ऑपरेटर. तिन्ही शब्द कारखान्यात रोज कानावर पडणारे. आपण सांगितले तेच कागदावर उतरले आहे, असे समजून चाचांनी सही केली. वाक्याचा अर्थ मात्र नेमका उलटा होता. सुपरवायझरने ऑपरेटरला बजावले होते, असे ते वाक्य म्हणत होते. आठ दिवसांचा पगार कापला गेला. पगाराचे दुःख चाचा विसरले. पण 'सांगूनही ऐकले नाही' हा ठपका त्यांना शेवटपर्यंत सलत राहिला.

चाचा अडाणी नव्हते. मराठी वर्तमानपत्र रोज वाचत. मग शब्द कळूनही वाक्य का कळले नाही? या प्रश्नाचे उत्तर व्याकरणात आहे, आणि त्याहून अधिक इतिहासात आहे.

मराठीत 'ऑपरेटरने सुपरवायझरला बजावले' म्हणा किंवा 'सुपरवायझरला ऑपरेटरने बजावले' म्हणा, अर्थ बदलत नाही. कोणी केले ते 'ने' सांगतो, कोणाला केले ते 'ला' सांगतो. शब्द कुठेही बसला तरी विभक्तीचा प्रत्यय त्याची ओळख देतो. इंग्रजी नामाला असे प्रत्यय नाहीत. तिथे क्रियापदाच्या आधी जो बसला तो करणारा आणि नंतर जो बसला तो भोगणारा. चाचांनी पहिला शब्द वाचला, 'सुपरवायझर', आणि घडलेली हकीकत मनात असल्याने त्याला नकळत आपल्या मराठीतला 'ला' जोडला. चूक एवढीच.

आपल्या मुलखाला परकी राज्यभाषा नवी नव्हती. पिंपरी-चिंचवडच्या पुढे चाकणला संग्रामदुर्ग हा भुईकोट आहे. १६६० साली शाइस्ताखानाने तो वेढला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळजवळ दोन महिने लढवला. मुघलांच्या दरबाराची भाषा फारसी होती. त्याआधी बहामनी आणि निजामशाही काळातही फारसी या भागात वावरत होतीच. तिने मराठीला शेकडो शब्द दिले. 'कारखाना' फारसी, 'मजूर' फारसी, 'हजेरी' आणि 'अर्ज' मुळात अरबी आणि फारसीमार्फत आलेले. 'पगार' तेवढा पोर्तुगिजांचा. शिवकाळात 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला, तोही शब्दांपुरताच होता. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणे हा त्याचा हेतू.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. फारसीतही क्रियापद साधारणपणे वाक्याच्या शेवटीच येते आणि कर्माला 'रा' लागतो, आपल्या 'ला'सारखा. दखनी, उर्दू, हिंदी यांचीही ठेवण अशीच. म्हणजे फारसी शिकणाऱ्या मराठी माणसाला शब्द नवे पाठ करावे लागले, लिपी नवी शिकावी लागली, पण वाक्याची चौकट फारशी मोडावी लागली नाही. इंग्रजी राज्य आले तेव्हा पहिल्यांदाच राज्यभाषेचे क्रियापद शेवटून उठून मधे जाऊन बसले.

खुद्द इंग्रजीही पूर्वी अशी नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीची रूपे होती. 'द'ची रूपेसुद्धा विभक्तीप्रमाणे बदलत. पुढच्या चार-पाच शतकांत ती बहुतेक झिजली. प्रत्यय गेले तसे त्यांचे काम जागेवर आले. 'ही' आणि 'हिम' हा भेद त्या जुन्या घराची उरलेली एखादी भिंत आहे. इंग्रजीची शब्दरचना कडक आहे ती ती भाषा फार तर्कशुद्ध आहे म्हणून नव्हे. तिच्याजवळचे 'ने' आणि 'ला' हरवले म्हणून.

हा फरक मराठी माणसाला समजावून देण्याचे प्रयत्न जुने आहेत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली कष्टकरी प्रौढांसाठी पुण्यात रात्रशाळा काढली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण लिहिले. पुढे द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला' आली. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या वडिलांनी ती घोकली असेल. तिच्यातल्या तुटक, विचित्र वाक्यांची पुष्कळ थट्टा झाली. पण तिची रीत पाहा. आधी नियम मराठीत, मग थोडे शब्द, मग मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी. शिकणाऱ्याचे स्वतःचे वाक्य टाकून न देता तिथूनच सुरुवात. शाळा सुटलेला, गावात मास्तर नसलेला माणूसही कंदिलाच्या उजेडात ती शिकू शकत असे.

स्वातंत्र्यानंतर वारे बदलले. १९५४ साली हॉर्नबी यांचे इंग्रजी वाक्यांच्या साच्यांवरचे पुस्तक आले. १९५८ साली हैदराबादला इंग्रजी अध्यापनाची केंद्रीय संस्था निघाली. साचे पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायचे, मातृभाषा शक्यतो वर्गाबाहेर ठेवायची, अशी नवी पद्धत रूढ झाली. चांगला शिक्षक आणि पुरेसा वेळ असेल तर तिचा उपयोग होतो. पण या दोन्ही गोष्टी खेड्यातल्या शाळेत कुठून आणायच्या? मुंबई राज्यात खेर सरकारच्या धोरणाने इंग्रजी आठवीपर्यंत लांबली होती, नंतर ती पाचवीवर आली. सातवी-दहावीला शाळा सुटलेल्या मुलाच्या पदरात किती इंग्रजी पडणार?

आणि याच मुलांना कारखान्यांनी बोलावले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. मराठवाड्यातून, सोलापूरकडून, पुढे बिहार-उत्तर प्रदेशातून माणसे आली. कुणी मराठी बोलणारा, कुणी दखनी, कुणी भोजपुरी. क्रियापद सगळ्यांचेच शेवटी. मशीनवरचा फलक, ड्रॉइंग आणि नोटीस मात्र इंग्रजीत.

कायद्याला ही अडचण ठाऊक होती. १९४६ च्या औद्योगिक स्थायी आदेशांच्या कायद्याने बजावले होते की, हे आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावावेत. भिंतीवरचा फलक अशा रीतीने दोन भाषांत आला. टेबलावर सहीसाठी सरकवलेला कागद एकाच भाषेत राहिला.

पुढे मी निगडीत काही वर्षे कामगारांसाठी संध्याकाळचा वर्ग घेतला. पहिल्या दिवशी मी चाचांचे वाक्य घेत असे. तीन चिठ्ठ्या : सुपरवायझर, वॉर्न्ड, ऑपरेटर. आधी मराठी वाक्य लिहून 'ने' आणि 'ला'भोवती गोल करायचा. मग ते प्रत्यय पुसायचे आणि विचारायचे, 'आता कोणी कोणाला बजावले?' वर्ग गप्प होई. मग चिठ्ठ्या टेबलावर मांडून पहिली आणि तिसरी अदलाबदल करायची. पन्नाशीचा एक वेल्डर एकदा एकदम म्हणाला, 'म्हणजे इंग्रजीत खुर्ची बघायची, माणूस नाही!' इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्याही व्याकरणात सापडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी 'गेलो होतो' घ्यायचे. मराठी क्रियापदातच 'मी' लपलेला असतो, म्हणून आपण इंग्रजीत 'आय' खातो. तिसऱ्या दिवशी 'तो माझा भाऊ'. आपले वाक्य 'आहे'शिवाय पुरे होते, इंग्रजीचे 'इज'शिवाय अडते. चूक कुठून येते हे कळले की माणसाची लाज जाते, आणि प्रौढाच्या शिकण्यात निम्मा अडथळा लाजेचाच असतो.

२००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. तो निर्णय घेणारे शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे पिंपरी-चिंचवडचेच, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. मुलांची सोय त्याने झाली. पण जो तेव्हा चाळिशीत होता, त्याच्यासाठी पहिलीचा वर्ग परत येणार नव्हता. दरम्यान १९९९ साली बजाज चाकणला आली, २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. पाठोपाठ जपानी आणि कोरियन अभियंतेही या पट्ट्यात दिसू लागले. गंमत अशी की जपानी आणि कोरियन भाषांतही क्रियापद शेवटीच येते. जर्मन माणसाच्याही जोडवाक्यात ते अनेकदा शेवटी जाते. म्हणजे मीटिंगमध्ये अडखळत इंग्रजी बोलणारा साहेब आणि अडखळत ऐकणारा कामगार एकच डोंगर दोन बाजूंनी चढत असतात. फरक इतकाच की साहेबाजवळ दुभाषा असतो.

म्हणून प्रौढांना इंग्रजी शिकवायची तर त्यांची भाषा दाराबाहेर काढायला लावू नये. फाडफाड बोलण्याची हमी देणारे वर्ग पुष्कळ आहेत. कामगाराची पहिली गरज त्याहून साधी आहे : कागदावर कोणी कोणाला काय केले, हे सही करण्यापूर्वी ओळखता येणे.

चाचा आता नाहीत. त्या कागदाची कार्बन प्रत त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. उतारवयात माझ्याकडून त्यांनी ते वाक्य समजून घेतले. मग पेन्सिल मागितली, 'सुपरवायझर'खाली 'ने' लिहिला, 'ऑपरेटर'खाली 'ला' लिहिला, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, ''बेटा, दोन अक्षरं होती. एवढंच कुणी सांगितलं असतं तर!''