आपली पत, आपलाच अहवाल, पण पैसे कुणी मोजायचे?

गेल्या वर्षी फेलोशिपचे पैसे काही महिने रखडले, म्हणून मी एका बँकेत छोटं कर्ज मागितलं. नकार आला. कारण विचारलं तर 'स्कोअर कमी आहे' एवढंच उत्तर. अहवाल काढून पाहिला, तर एमएस्सीसाठी घेतलेलं आणि कधीच फेडलेलं शैक्षणिक कर्ज त्यात अजून 'थकीत' दिसत होतं! बाबा त्या कर्जाला सहकर्जदार. म्हणजे डाग त्यांच्याही नावावर.

चूक दुरुस्त झाली. पण डोक्यात प्रश्न राहिला: माझ्याबद्दलची नोंद मलाच सर्वात शेवटी का कळावी? संशोधनाची सवय, त्यामुळे मागे मागे जात राहिले.

सुरुवात न्यूयॉर्कमध्ये सापडते. १८३७ च्या मंदीत लुईस टॅपन या रेशीम व्यापाऱ्याचा धंदा उधारीपायी बुडाला. १८४१ मध्ये त्याने 'मर्कंटाइल एजन्सी' काढली. गावोगावचे वकील तिथल्या व्यापाऱ्यांची माहिती कळवायचे: भांडवल किती, स्वभाव कसा, दारू पितो का. ती मोठमोठ्या वह्यांत उतरवली जायची. वर्गणीदार कचेरीत आला की कारकून त्याला नोंद वाचून दाखवायचा. ज्याच्याबद्दल नोंद आहे, त्याला मात्र तिथे जागाच नव्हती. पैसे भरणारा ग्राहक होता, आणि तो माणूस हा नुसता माल.

१८९९ मध्ये अटलांटात 'रिटेल क्रेडिट कंपनी' निघाली. तीच आजची इक्विफॅक्स. आता व्यापाऱ्यांसोबत सामान्य माणसांच्याही फायली बनू लागल्या आणि त्यात घरगुती आयुष्याबद्दलच्या ऐकीव गोष्टीही शिरल्या. यावर गदारोळ झाला आणि १९७० मध्ये अमेरिकेत 'फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट' आला. फायलीत काय आहे हे जाणून घ्यायचा हक्क पहिल्यांदा मिळाला. कर्ज नाकारलं गेलं असेल तर फुकट, एरवी शुल्क भरून. वर्षातून एकदा मोफत अहवाल मिळायची तरतूद व्हायला २००३ चा कायदा यावा लागला. म्हणजे हक्क आणि मोफत हक्क यांत तेहतीस वर्षांचं अंतर!

आपल्याकडे हाच प्रवास लवकर उरकला. २००० मध्ये मुंबईत सिबिलची स्थापना झाली. २००५ मध्ये संसदेने पतमाहिती कंपन्यांसाठी कायदा केला. त्यात स्वतःची माहिती मागण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क होता, पण शुल्क भरून. पुढे रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीला वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत. म्हणजे वर्षाला चार अहवाल, खर्च शून्य.

तक्रार केल्यावर ती तीस दिवसांत निकाली निघायला हवी. एप्रिल २०२४ पासून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. टॅपनच्या काळाच्या बरोबर उलट! आता चुकीची किंमत नोंद ठेवणाऱ्याने मोजायची. आणि स्वतःचा अहवाल पाहिल्याने स्कोअर घटतो ही भीती निव्वळ गैरसमज आहे.

मग सगळं फुकट झालं का? तसंही नाही. 'मोफत स्कोअर' देणारी कित्येक ॲप्स तुमचा मोबाइल नंबर घेतात आणि मग कर्जाच्या जाहिरातींचा मारा सुरू होतो. किंमत रुपयांत नसली तरी असतेच. म्हणून अहवाल थेट त्या त्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच काढा.

तुमच्यापैकी जे संशोधनाकडे वळताय, त्यांना यातून एकच सांगेन. कुठलाही दस्तऐवज हाती आला की तीन प्रश्न विचारा: हा कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला, आणि पैसे कुणी दिले? टॅपनची वही असो, प्रयोगाचा डेटा असो की तुमचा स्वतःचा पत अहवाल, या तीन उत्तरांत त्यातल्या चुका कुठे दडल्या असतील ते बरंचसं कळतं.

आणि फेलोशिपचा अर्ज भरायच्या आधी पंधरा मिनिटं काढून तो अहवाल एकदा बघाच. माझ्यासारखी नकार यायची वाट पाहू नका.