आठ तासांचा कायदा आणि वेठबिगार

घरी न्यायाने वागणारा राज्यकर्ता परक्याच्या दारी कसा वागतो, हे पाहिल्यावाचून त्याच्या न्यायबुद्धीचे मोल ठरवता येत नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांची कारकीर्द वाचताना हा विचार आमच्या मनात वारंवार येतो.

धर्मोपदेशकाचे पुत्र आणि प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी प्रमुख असलेले विल्सन मार्च १९१३ मध्ये सत्तेवर आले. त्याच वर्षी त्यांनी आयातकर घटवले, श्रीमंतांवर प्राप्तिकर बसवला आणि बँकांवर देखरेख ठेवणारी मध्यवर्ती यंत्रणा उभारली. १९१६ मध्ये बालमजुरीला आळा घालणारा आणि रेल्वे कामगारांना आठ तासांचा दिवस देणारा असे दोन कायदे झाले. सरकारी कचेऱ्यांतून कृष्णवर्णीयांना वेगळे बसवले गेले, हा या सुधारणांवरील डाग मात्र पुसता येत नाही.

आता हैतीकडे वळू. गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये स्वतंत्र केलेला हा कृष्णवर्णीयांचा, बहुसंख्य कॅथलिक देश. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकी नौसैनिकांनी तेथील राष्ट्रीय बँकेतील पाच लाख डॉलरांचे सोने न्यूयॉर्कला नेले. २८ जुलै १९१५ रोजी, तेथील अध्यक्षांची जमावाने हत्या केल्याचे निमित्त होऊन, सैन्य उतरले. जकात अमेरिकेच्या ताब्यात गेली. नवी राज्यघटना नाकारणारी संसद १९१७ मध्ये विसर्जित झाली. पुढच्याच वर्षी, परकीयांना जमीन घेण्याची पूर्वापार मनाई उठवणारी तीच घटना लागू झाली.

रस्ते झाले, रुग्णालये झाली, हे खरे. परंतु ते रस्ते शेतकऱ्यांना वेठीस धरून बांधले गेले. ज्या वर्षी अमेरिकी कामगाराला आठ तासांचा दिवस मिळाला, त्याच वर्षी हैतीत ही वेठबिगार सुरू झाली.

जानेवारी १९१८ मध्ये विल्सन यांनी चौदा कलमे मांडली आणि परतंत्र राष्ट्रांच्या आशा पालवल्या. लंडनमध्ये असलेल्या लोकमान्य टिळकांनीही १९१९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेकडे भारताच्या स्वयंनिर्णयाची मागणी लेखी पाठवली. विल्सन यांना १९१९ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी हैतीतील बंडाचा नेता शार्लमान्य पेराल्त फितुरीने मारला गेला. लोकांचा धीर खचावा म्हणून त्याच्या दाराला बांधलेल्या प्रेताचे छायाचित्र गावोगाव वाटण्यात आले. परंतु त्या भाविक जनतेला त्यात क्रुसावरचा ख्रिस्त दिसला, आणि भीतीऐवजी भक्ती जागी झाली.

सैन्य परतले ते १९३४ मध्ये, एकोणीस वर्षांनी. विल्सन ढोंगी होते, असे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्याचे हित त्याला न विचारताच आपल्याला कळते, ही त्यांची खात्री होती. घरी त्यांना मतदारांपुढे जाब द्यावा लागे. हैतीत त्यांना जाब विचारणारे कोणी नव्हते. ज्याचे भले करावयाचे त्यालाच गप्प बसवले, की सुधारणेची वेठबिगार होते.